मधल्या सुट्टीतली पंगत

मेळाव्याच्या तयारीसाठी मी शाळेत गेले, तेव्हा नुकतीच मधली सुट्टी झाली होती. व्हरांड्यात पाचवी ते आठवीची मुले ओळीने जेवायला बसली होती. ताटात भात आणि मटकीची उसळ. याच व्हरांड्यात आपण डबे उघडायचो, आणि आपली एक मैत्रीण रोज नळावर पाणी प्यायला जायची, ती घंटा होईपर्यंत परतायची नाही. तिला भूकच लागत नसेल, असे मला खरोखर वाटायचे. 'समतोल आहार' या धड्यावर मात्र बाईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

आपण मार्च 1995 मध्ये दहावीची परीक्षा दिली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची पोषण आहार योजना सुरू झाली. कल्पना जुनीच होती. 1920 मध्ये मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत मुलांना खाणे द्यायचे ठरवले. खर्चाची मर्यादा होती दर मुलामागे रोज एक आणा. पुढे 1956 मध्ये मुख्यमंत्री कामराज यांनी त्या राज्यात दुपारचे जेवण सुरू केले आणि 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. विचार साधा होता: उपाशी मूल शाळेत येत नाही, आणि आले तरी त्याचे फळ्याकडे लक्ष लागत नाही.

1995 च्या योजनेतही शिजवलेले अन्नच अपेक्षित होते, पण बहुतेक राज्यांनी कोरडे धान्य वाटले. 80 टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो. आपल्याकडे तांदूळ मिळायचा. मुले पिशवी भरून घरी नेत आणि तो घरच्या डब्यात पडे. त्यातला किती त्या मुलाच्या पोटात गेला, हे कोण मोजणार? शिवाय नुसत्या तांदळाने आहार समतोल होत नाही.

चित्र पालटले ते न्यायालयामुळे. सरकारी गोदामे भरलेली असताना लोक उपाशी का, असा प्रश्न घेऊन पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. 28 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने आदेश दिला: प्राथमिक शाळेतल्या मुलांना शिजवलेले जेवण द्या, किमान 300 कॅलरी, 8 ते 12 ग्रॅम प्रथिने, वर्षातले किमान 200 दिवस. त्यानंतर आपल्याकडेही शाळांत खिचडी शिजू लागली. पुढे योजना आठवीपर्यंत गेली आणि ताटाचे मापही ठरले. पहिली ते पाचवीसाठी 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी 700 कॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने. डाळ किती, भाजी किती, तेल किती, सगळे ग्रॅममध्ये. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क झाले.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक अनुभव नेहमीचा: जी सोय वापरणाऱ्याला शोधून चालू करावी लागते, ती फार थोडे जण वापरतात, जी आधीपासून चालू असते, ती सगळ्यांना मिळते. चांगल्या खाण्याचेही तसेच आहे. आपल्याला धडा होता, या मुलांना ताट आहे. तेही एका पंगतीत, कोणालाही मागावे न लागता.

पण ही पंगत आठवीलाच संपते. त्या दिवशी नववीच्या दोन मुली नळाकडे जाताना दिसल्या. तहानही असेल. पण या वेळी मी मुख्याध्यापकांना विचारले. डबा न आणणारी मुले वरच्या वर्गांत आजही आहेत, असे ते म्हणाले.

आपल्या बॅचच्या निधीतून प्रवेशद्वारावर कमान बांधावी, असा प्रस्ताव आहे. मला वाटते, त्याऐवजी नववी-दहावीच्या मुलांसाठी दुपारी उसळ-पोळीची सोय करावी. सगळ्यांनाच द्यावी, म्हणजे 'गरजू' म्हणून कोणाला हात वर करावा लागणार नाही. सर, बाई, मित्रमैत्रिणींनो, मेळाव्यात यावर बोलू या.

हे लिहिण्यापूर्वी त्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "लिही, फक्त नाव नको." मेळाव्याला ती येणार आहे. मी तिच्या शेजारी जेवायला बसणार आहे.