साक्षगंध ते पाठवणी : आपल्या लग्नविधीची वाटचाल



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे म्हटल्यावर कोणत्या विषयावर लिहावे, याचा आम्ही बराच विचार केला. धम्मावर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. पण विहारातल्या पौर्णिमेच्या वंदनेला जितकी माणसे येत नाहीत, तितकी वस्तीतल्या एका लग्नाला येतात. धम्म खरोखर घरात उतरला की नाही, हे लग्नाच्या मांडवातच कळते. म्हणून लग्नाचाच इतिहास सांगावा असे ठरवले. साक्षगंधापासून पाठवणीपर्यंत एकेक पायरी घ्यायची. ती कुठून आली, कोणी बदलली आणि आज तिचे काय झाले, हे पाहायचे.

पूर्वीची लग्ने

आपल्या आज्या-पणज्या सांगायच्या, आमचे लग्न कधी झाले ते आम्हालाच आठवत नाही. पोरगी आठ-दहा वर्षांची झाली की उजवून टाकायची. खुद्द रमाई लग्नाच्या वेळी ९-१० वर्षांच्या होत्या. ते लग्न मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, उघड्या छपराखाली लागले. आपल्या माणसाला कार्यालय कोण देणार?

मुहूर्त मात्र जोशाकडूनच काढायचा. तो वस्तीत पाऊल ठेवत नसे. लांबूनच वेळ सांगायचा आणि दक्षिणा तेवढी घ्यायचा, अशी हकीकत म्हातारी माणसे सांगत. म्हणजे आपण शिवलेले चालत नव्हते, आपला पैसा चालत होता. कितीतरी गावांत नवरदेवाने घोड्यावर बसायचे नाही, वाजंत्री गावातून न्यायची नाही, असा दंडक होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

जोशाशिवाय लग्न

जोशाशिवाय लग्न लागू शकते, हे महाराष्ट्राला पहिल्यांदा महात्मा जोतीराव फुले यांनी दाखवले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न लागले. नवरदेव सीताराम जबाजी आल्हाट आणि वधू राधा. हे लग्न लावण्यात सावित्रीमाईंचा मोठा वाटा होता. वधूवरांनी एकमेकांना वचने द्यायची, थोडक्या खर्चात कार्य उरकायचे, अशी ती पद्धत होती. पुढे जोशांनी हक्क बुडाला म्हणून कोर्टकचेऱ्याही केल्या, पण लोक हटले नाहीत.

हे वारे आपल्या बुलडाणा जिल्ह्यातही पोचले होते. महात्मा फुल्यांचे चरित्र १९२७ साली लिहून प्रसिद्ध करणारे पंढरीनाथ सीताराम पाटील आपल्याच जिल्ह्यातले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायामाणसांपुढे भाषण केले. जातीची ओळख सांगणारे लुगडे नेसू नका, कोपरापर्यंत कथलाचे आणि चांदीचे दागिने चढवू नका, असे त्यांनी सांगितले आणि बाया तिथल्या तिथे बदलल्या. खामगावकरांना यातला अर्थ जास्त कळेल. आपले शहर कापसासाठी आणि चांदीसाठी नावाजलेले. कापसासाठीच जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा १८७० साली आला. त्या कापसाच्या पैशातून आणि गहाण टाकलेल्या शेतातून कितीक घरांनी लग्नाची चांदी घेतली. हंगाम बुडाला की पहिली मोडीत जायची ती तीच.

नागपूरची परिषद आणि कायदा

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षा होत्या आपल्या वऱ्हाडातल्या, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क मिळावा, एकाला अनेक बायका करण्याची चाल बंद व्हावी, अशा मागण्या तिथे बायांनी स्वतः केल्या. बाबासाहेबांनी त्या दिवशी सांगितले ते थोडक्यात असे : मुलांचे लग्न घाईने करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, आणि बायकोने नवऱ्याची दासी नव्हे, बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे.

पुढे कायदेमंत्री झाल्यावर हेच त्यांनी हिंदू कोड बिलात आणले. ते अडवले गेले म्हणून १९५१ साली राजीनामा दिला. १९५५ साली विवाहाचा कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे आणि एक बायको असताना दुसरी करणे त्याने बंद केले. बाबासाहेबांचे स्वतःचे दुसरे लग्न १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत झाले, तेही नोंदणी पद्धतीने. ना मुहूर्त, ना वाजंत्री.

४ डिसेंबरचे पत्र

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला धम्मदीक्षा झाली. ब्राह्मणाच्या हातून कोणतेही क्रियाकर्म करून घेणार नाही, ही २२ प्रतिज्ञांतली आठवी. प्रतिज्ञा घेऊन माणसे गावोगाव परतली आणि लगेच प्रश्न पडला, आता लग्न लावायचे कसे? जुने सोडले, नवे कोणते?

कर्डक नावाच्या गृहस्थांनी हे बाबासाहेबांना विचारले. बाबासाहेबांनी ४ डिसेंबर १९५६ रोजी उत्तर लिहिले. महापरिनिर्वाणाला अवघे दोन दिवस उरले होते. पत्र लहानसेच आहे. त्यात सांगितले ते असे : बौद्ध विवाह साधा आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये स्टुलावर मातीचा नवा घट ठेवायचा, तो काठोकाठ पाण्याने भरायचा. दोघांनी दोन बाजूंना उभे राहायचे. सुताचा धागा पाण्यात सोडून त्याची एकेक टोके हाती धरायची. कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे. दोघांची वस्त्रे पांढरी असावीत. झाले लग्न!

बाबासाहेबांनी आपल्या हयातीत शेवटी शेवटी ज्या गोष्टीकडे लक्ष दिले, त्यात आपल्या पोराबाळांच्या लग्नाची काळजी होती. आम्ही हे पत्र वाचतो तेव्हा दरवेळी हाच विचार मनात येतो.

साक्षगंध आणि याद

आता आजच्या पायऱ्या पाहू. पहिली साक्षगंध. पूर्वी दोन्हीकडची चार माणसे बसायची, मुलीला कुंकू लावायचे, साखर वाटायची, सोयरीक पक्की. जुन्या काळी सोयरिकीआधी पोटजात विचारायचे : सोमवंशी की लाडवन? दीक्षेनंतर हे भेद मोडू लागले आणि आपण सगळे एक झालो. हा आपल्या लग्नांचा फार मोठा विजय आहे. तरीही अजून कोपऱ्यात नेऊन हळूच विचारणारी माणसे भेटतात. त्यांना तिथेच थांबवले पाहिजे.

साक्षगंधानंतर याद. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. म्हणून हुंडा हा शब्द यादीत येत नाही, गाडी येते, "मुलीच्या हौशीचे" म्हणून फर्निचर येते, "जेवण तेवढे चांगले द्या" म्हणून हजार माणसांची पंगत येते. आम्ही अशा बैठकांना बसलो आहोत. मुलीचा बाप मान खाली घालून हो हो म्हणत होता आणि आम्ही चहा पीत गप्प राहिलो. हे कबूल केल्याशिवाय दुसऱ्याला शहाणपण सांगण्यात अर्थ नाही. त्या घरचा विधी अर्ध्या तासात आटोपला आणि त्या दिवसाचे कर्ज तीन हंगाम फिटले नाही.

तारीख

तारीख ठरवताना अजूनही कॅलेंडरातले मुहूर्त पाहणारे आहेत. जातकातली गोष्ट त्यांच्यासाठी. शहरातल्या एका घराने खेड्यातली मुलगी पसंत केली, दिवस ठरवला. मग आपल्या गुरूला विचारायला गेले. आधी विचारले नाही याचा त्याला राग. म्हणाला, आजचे नक्षत्र वाईट आहे. वऱ्हाड गेलेच नाही. तिकडे मांडव घातलेला, माणसे जमलेली. मुलीकडच्यांनी तिला दुसऱ्या घरी देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी हे गेले आणि भांडत बसले. तेव्हा एक शहाणा माणूस म्हणाला, अरे, मुलगी मिळणे हेच तुमचे नक्षत्र होते, आकाशातले तारे काय करणार?

तेव्हा पोरांच्या परीक्षा, शेतातले काम, पाण्याची टंचाई आणि सोयऱ्यांची रजा पाहून तारीख धरावी. वय मात्र काटेकोर पाहावे : मुलगी १८ पूर्ण, मुलगा २१ पूर्ण. त्याआधी लग्न लावणारे आईबाप आणि लावून देणारा, दोघेही गुन्हेगार ठरतात.

बस्ता, हळद आणि वरात

बस्त्याला गेले की पांढऱ्या वस्त्रांची आठवण राहत नाही. पांढरी साडी आणि पांढरा सदरा स्वस्त तर पडतोच, शिवाय गरिबाची आणि श्रीमंताची मुलगी त्या एका तासापुरती सारखी दिसते. हळदीचेही तसेच. एके काळी हळद म्हणजे घरच्या बायांनी दळलेली, गाणी म्हणत लावलेली. आता हळदीचा वेगळा मांडव, वेगळे कपडे, वेगळे जेवण.

वरातीबद्दल थोडे सबुरीने बोलतो. ज्यांच्या आजोबाला घोड्यावर बसू दिले नाही, त्याचा नातू वाजतगाजत वरात काढतो, त्यामागे जुनी जखम आहे. एकेकाळी वरात काढणे हेच बंड होते. त्याला नुसती उधळपट्टी म्हणून नावे ठेवू नयेत. पण बंड गावाच्या वेशीवर शोभते. आपल्याच गल्लीत, आजारी माणसाच्या दारापुढे मध्यरात्रीपर्यंत डीजे लावण्यात कोणते बंड आहे? आणि नवरदेव तीन तास उशिरा येतो तेव्हा उपाशी बसतात ती आपलीच लहान लेकरे.

विधी

विधी लावायला भंतेजी किंवा भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य येतात. ही महासभा बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केली. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे दीप, धूप, पुष्प. मग त्रिशरण-पंचशील, पूजागाथा, वधूवरांच्या प्रतिज्ञा, मंगलसुत्त, जयमंगल अष्टगाथा, आणि अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या. अक्षतांचा तांदूळ पायदळी जात असे, तो वाचला.

प्रतिज्ञा सिगालोवाद सुत्तावरून घेतल्या आहेत. नवऱ्याने पाच गोष्टी करायच्या : बायकोचा मान ठेवणे, तिचा अपमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे, तिला वस्त्र-अलंकार देणे. बायकोने पाच : घरकाम नीट चालवणे, दोन्हीकडच्या माणसांशी आपुलकीने वागणे, एकनिष्ठ राहणे, मिळकत जपणे, कामात हुशार आणि तत्पर असणे. लक्षात घ्या, आधी नवऱ्याची कर्तव्ये आहेत, आणि त्यांत पहिला शब्द मानाचा आहे. माईक खरखरतो, फोटोवाले पुढे उभे असतात, या गदारोळात हे कुणालाच ऐकू जात नाही. आमचे सांगणे एवढेच, साक्षगंधाच्या दिवशीच या प्रतिज्ञा दोघांना लिहून द्याव्यात. लग्नाआधी त्यांनी वाचल्या पाहिजेत.

मंगलसुत्त तर मंगल म्हणजे काय तेच सांगते. आईबापांची सेवा, बायको-मुलांचा सांभाळ, हेच मंगल. बाबासाहेबांनी नेमके हे सुत्त का सुचवले, ते यावरून कळते.

नोंदणी आणि पाठवणी

पाहुणे गेले, मांडव उतरला की एक काम राहून जाते. महाराष्ट्राचा विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व विवाहांची नोंद सक्तीची करावी असे सांगितले. लग्नापासून ९० दिवसांच्या आत, शहरात नगरपरिषदेत आणि खेड्यात ग्रामपंचायतीत, नोंद करून घ्यावी. वयाचे दाखले, पत्रिका, विधीचा फोटो, तीन साक्षीदार आणि विधी लावणाऱ्याची सही एवढे जवळ ठेवा. आपल्या विधीत सप्तपदी नाही, म्हणून उद्या कोणी लग्नावरच शंका घेतली, नवऱ्याने टाकले किंवा नवरा गेला, तर त्या कागदावाचून मुलीचे हाल होतात. पेन्शन, वारसा, पोटगी, सगळीकडे पुरावा मागतात. आंदणात कपाट नसले तरी चालेल, पण पाठवणीच्या पिशवीत हा दाखला हवा.

आपले विहार लग्नाला मोकळे आहे. घट कुंभाराकडे मिळतो, सुताची गुंडी घरात असते. जोशाच्या हातातून आपले लग्न सोडवायला १८७३ ते १९५६ अशी ८३ वर्षे लागली. ते आता सावकाराच्या आणि डेकोरेशनवाल्याच्या हाती जाऊ द्यायचे की नाही, हे पुढच्या साक्षगंधाच्या बैठकीत ठरणार आहे. त्या बैठकीत आपल्यापैकी एकाने तरी चहाचा कप खाली ठेवून बोलावे. आम्ही या वेळी बोलणार आहोत.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!