वाटाण्याच्या वेलाचे तारण

इंदूरच्या सराफ्यात सोने ठेवावे आणि पैसा उचलावा, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. परंतु जो चित्रपट अद्याप जन्मासच आला नाही, तो सावकारापुढे कसा ठेवावा? एतद्देशीय चित्रपटाच्या आरंभकाळी हाच पेच त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्यापुढे उभा होता.

विमापत्र गहाण टाकून ते १९१२ च्या आरंभी विलायतेस गेले व विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून परतले. विद्या आली, यंत्र आले. धनिक मात्र जागचा हलेना. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा समोर रोवून रोज थोडे थोडे चित्रण चालविले. महिन्याहून अधिक काळाची वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली. बीज फुटले, कोंब वर आला, वेल चढू लागली! ‘अंकुराची वाढ’ हाच तो लघुपट. त्यात ना नट, ना कथा. आपल्या माहितीपटांच्या कुळातील तो एक मूळपुरुषच म्हटला पाहिजे. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी प्रभृतींनी कर्ज देऊ केले. आम्ही वकील ज्यास प्रत्यक्ष पुरावा म्हणतो, तो याहून निराळा काय असतो?

तरीही ते कर्जच. सरस्वतीबाईंचे दागिनेही या उद्योगाच्या कामी आले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला नसता, तर त्या माउलीचे काय झाले असते, याचा विचार चरित्रकार फारसा करीत नाहीत. पुढे फाळक्यांनी तळेगावच्या काच कारखान्यावरही लघुपट केला. तो कारखाना पैसा फंडाचा, म्हणजे जनतेच्या पैपैच्या वर्गणीचा. देवळाचा उत्सव वर्गणीवर उभा राहतो, कारखानाही राहिला. चित्रपटास मात्र सावकारच गाठावा लागला.

मद्रासचे वकील रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९२८ साली निर्मात्यांना सरकारने कर्ज द्यावे अशी शिफारस केली. परक्या सरकारने ती बासनात बांधली. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघाले ते १९६० मध्ये!

माहितीपटांसाठी सरकारचे फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासून होते. तेथे निर्माता सरकारच असल्याने तारणाचा प्रश्न उरत नसे. ज्यांचे बालपण इंदुरात गेले व ज्यांनी देवळालीकरांच्या चित्रशाळेत धडे गिरविले, त्या मकबूल फिदा हुसेन यांच्याकडून या खात्याने राजस्थानावर लघुपट करविला. १९६७ साली बर्लिनच्या महोत्सवात त्यास लघुपटांचे सुवर्ण अस्वल मिळाले. हुसेन तेव्हा चित्रकार म्हणून प्रसिद्ध होते. चित्रपट त्यांनी त्यापूर्वी एकही केला नव्हता.