साहित्य, कृती आणि तयार डबा: फ्रीबीएसडी पोर्ट्सची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना दोन-तीनदा भरकटलो होतो, ते जरा आवरून घेतलंय. बाकी बोलणं होतं तसंच आहे.

१७ नोव्हेंबर २०१२ ला फ्रीबीएसडी प्रोजेक्टने एक निवेदन काढलं. ११ नोव्हेंबरला त्यांच्या दोन सर्व्हरवर घुसखोरी झाल्याचं लक्षात आलं होतं. फ्रीबीएसडीमध्ये एखादं भोक सापडलं, असा प्रकार नव्हता. एका डेव्हलपरची एसएसएच की बाहेर गेली होती, आणि ती वापरून कोणीतरी सरळ पुढच्या दाराने आत आलं होतं. हे दोन्ही सर्व्हर बाहेरच्या सॉफ्टवेअरची पॅकेजेस तयार करणाऱ्या जुन्या यंत्रणेचा भाग होते.

निवेदनातला मला सर्वात महत्त्वाचा वाटलेला भाग पुढे आहे. मूळ सिस्टिमचा सोर्स तपासला, ठीक आहे. पोर्ट्सचा सोर्स तपासला, त्यातही काही फेरफार दिसला नाही. पण १९ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात ज्यांनी तयार पॅकेजेस घेतली, त्यांना आम्ही कसलीही खात्री देऊ शकत नाही. छेडछाड झाल्याचा पुरावा नाही, पण झाली नाही असंही सांगता येत नाही. ९.१ आवृत्तीसाठी सर्व्हरवर चढवलेला पॅकेजचा अख्खा संच त्यांनी काढून टाकला.

म्हणजे सॉफ्टवेअर तेच, प्रोजेक्ट तोच. एका वाटेने आलं तर हमी आहे आणि दुसऱ्या वाटेने आलं तर नाही. असं का, ते समजायला वीस वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हा युनिक्सवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे टारबॉल उतरवायचा, सोडायचा, रीडमी वाचायचं, मेकफाइल उघडून आपल्या सिस्टिमप्रमाणे चार ओळी बदलायच्या, कंपाइल करायचं, एरर आली की डोकं खाजवायचं आणि शेवटी रूट होऊन 'मेक इन्स्टॉल'. त्या शेवटच्या कमांडने कुठल्या फायली कुठे टाकल्या याची नोंद कुणाकडेच नसायची. कॉलेजात मी लॅबच्या एका मशीनवर असंच एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. नंतर काढायला गेलो तर काढायचं काय, हेच कळेना! शेवटी मशीन फॉरमॅट केलं. (सरांना अजून माहीत नाही.) हे मी केलं तेव्हा त्यावर उपाय निघून वीस वर्षं होत आली होती, एवढंच दुःख.

उपाय काढणाऱ्यांमधलं एक मोठं नाव म्हणजे जॉर्डन हबर्ड. १९९२ मध्ये विल्यम आणि लिन जोलित्झ यांनी ३८६बीएसडी आणलं. साध्या पीसीवर चालणारं, फुकट मिळणारं बीएसडी युनिक्स. दुरुस्त्या मात्र मुख्य सोर्समध्ये वेळेवर जाईनात. म्हणून वापरणाऱ्यांनीच 'पॅचकिट' नावाचा अनधिकृत दुरुस्त्यांचा गठ्ठा चालवायला घेतला. तो सांभाळणारे तिघे होते: नेट विल्यम्स, रॉड ग्राइम्स आणि हबर्ड. त्यातूनच १९९३ मध्ये फ्रीबीएसडी उभं राहिलं. माझा अंदाज असा, की दुसऱ्याच्या सोर्सला हात न लावता त्यावर आपले पॅच वेगळे सांभाळायचे ही सवय हबर्डला तिथेच लागली असावी. कारण पुढे त्याने जे केलं ते अगदी तसंच दिसतं.

२६ ऑगस्ट १९९३ ला त्याने पॅकेज बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या टूल्सची मेकफाइल फ्रीबीएसडीच्या सीव्हीएसमध्ये टाकली. वर्षभराने, २१ ऑगस्ट १९९४ ला, 'पोर्ट्स'ची मेक मॅक्रो टाकली. ही दुसरी तारीख जास्त महत्त्वाची.

पोर्ट म्हणजे काय? तर एक छोटी डिरेक्टरी, ज्यात मूळ सॉफ्टवेअर नसतंच. आपल्याकडे पाककृतीच्या पुस्तकात कसं वर 'साहित्य' आणि खाली 'कृती' असतं, तसं. मेकफाइलमध्ये लिहायचं की टारबॉल कुठल्या साइटवर आहे, त्याआधी आणखी काय बसवलेलं लागतं आणि सांभाळणारा कोण. दुसऱ्या फाइलमध्ये टारबॉलचा चेकसम, तेव्हा एमडी५ चा. शिवाय फ्रीबीएसडीवर चालावं म्हणून लागणारे पॅच, दोन ओळींची माहिती, आणि बसणाऱ्या प्रत्येक फाइलची यादी. झालं. काही किलोबाइटचा मामला.

हे सगळं चालवणारं इंजिन म्हणजे एकच मोठी सामाईक मेकफाइल. आणा, चेकसम ताडा, सोडा, पॅच लावा, कॉन्फिगर करा, बांधा, बसवा. प्रत्येक पायरी झाली की ती एक रिकामी खुणेची फाइल ठेवते. मध्येच वीज गेली तर पुन्हा 'मेक' मारा, जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. नवा प्रोग्राम नाही, नवी भाषा नाही. 'मेक' १९७६ पासून होतंच, त्यालाच कामाला लावलं. इंजिनिअरिंग म्हणून मला हे फार आवडतं, जरी ती मॅक्रो वाचताना डोळ्यांत पाणी येत असलं तरी.

कृती वाटायची, पदार्थ नाही, याचे फायदे होते. एक तर जागा: हजारो पोर्ट्सचं झाड एका सीडीच्या कोपऱ्यात मावायचं. दुसरा फायदा कायद्याचा. डॅनिएल बर्नस्टाइनचं क्यूमेल घ्या. २००७ मध्ये त्याने ते पब्लिक डोमेनमध्ये टाकेपर्यंत, बदल केलेलं क्यूमेल बांधून वाटायला परवानगी नव्हती. पोर्टला काहीच अडचण नाही, कारण पोर्ट क्यूमेल वाटतच नाही. तुम्हीच ते आणता, तुमच्याच मशीनवर पॅच लावता. जावाचं तर त्याहून गमतीचं. बरीच वर्षं पोर्ट बांधायला घेतला की मध्येच थांबून सांगायचा, सनच्या साइटवर जा, लायसन्स मान्य करा, फाइल स्वतः उतरवा, अमुक ठिकाणी ठेवा, मग या.

आणखी एक निर्णय चटकन नजरेत भरत नाही. बाहेरचं सगळं 'यूएसआर'खालच्या 'लोकल'मध्येच जाणार, कॉन्फिगसकट. मूळ सिस्टिम एकीकडे, आणलेलं सामान एकीकडे. ही भिंत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लिनक्सची मंडळी याच काळात दुसऱ्या वाटेने गेली. डेबियनचं डीपीकेजी, रेड हॅटचं आरपीएम, मग १९९८-९९ मध्ये डेबियनचं ॲप्ट. तिथे वापरणाऱ्याच्या हातात मुळातच तयार डबा यायचा. पोर्ट्सच्या कल्पनेचं कुळ मात्र वेगळं वाढलं. १९९७ मध्ये नेटबीएसडीने त्यावरून पीकेजीएसआरसी केलं. जेंटू लिनक्सच्या पोर्टेजने प्रेरणा इथूनच घेतली. आणि हबर्ड २००१ मध्ये ॲपलला गेल्यावर पुढच्याच वर्षी तिथे डार्विनपोर्ट्स सुरू झालं, म्हणजे आजचं मॅकपोर्ट्स.

तयार डबे फ्रीबीएसडीकडेही होतेच. रोज कोण केडीई रात्रभर कंपाइल करत बसणार? सातोशी असामी यांनी हबर्डबरोबर पोर्ट्स अनेक वर्षं सांभाळलं. झाड वाढत गेलं तशी सगळे पोर्ट्स बांधून पॅकेज करणारी मशीन्स उभी राहिली. यातल्या एका क्लस्टरचं नाव पॉइंटीहॅट, म्हणजे टोकदार टोपी. ज्याच्या कमिटने बिल्ड मोडेल त्याने ती टोपी घालायची, असा प्रोजेक्टमधला रिवाज. कमिट लॉगमध्ये लोक स्वतःच लिहायचे, टोपी मला.

पण या डब्यांकडे कृतीइतकं लक्ष कधी दिलं गेलं नाही, असं माझं मत. अपग्रेडसाठी धड कमांडच नव्हती. जुनं काढा, नवं टाका. लिबपीएनजी किंवा गेटटेक्स्टची आवृत्ती बदलली की त्यावर टेकलेली शेकडो सॉफ्टवेअर आडवी. त्यासाठी लोकांनी बाहेरून टूल्स लिहिली: अकिनोरी मुशा यांचं रूबीतलं पोर्टअपग्रेड, डग बार्टन यांचं शेलमधलं पोर्टमास्टर. 'अपडेटिंग' नावाची एक फाइल होती, अजून आहे. काहीही करण्याआधी ती वाचायची. न वाचता अपग्रेड केलं आणि रविवार गेला, हे ज्याच्या बाबतीत घडलं नाही तो फ्रीबीएसडीवाला नव्हेच.

पॅकेज तयार करायची पद्धतही अशी, की आधी सॉफ्टवेअर चालू सिस्टिमवर थेट बसवायचं, मग यादीतल्या फायली उचलून गठ्ठा बांधायचा. यादीत एखादी फाइल राहिली तर ती डब्यात नाही, आणि काढताना मागे उरणार. हा गठ्ठा एफटीपीवरून यायचा. त्यावर कुणाची डिजिटल सही नसायची. सर्व्हरवर आहे म्हणजे खरंच असणार, एवढ्यावर वीस हजारांहून जास्त पोर्ट्सचा कारभार चालला होता.

आता २०१२ ची ती वाक्यं पुन्हा वाचा. पोर्ट्सचा सोर्स तपासता आला, कारण कृती म्हणजे मजकूर. त्याचा इतिहास आहे, त्याच्या प्रती जगभर लोकांच्या मशीनवर आहेत. इकडची प्रत तिकडच्या प्रतीशी ताडून बघता येते. तयार बायनरी ताडणार कशाशी? तोच सोर्स परत बांधला तरी आत वेळेचे शिक्के वेगळे, बाइट वेगळे. चांगली बायनरी आणि बिघडवलेली बायनरी यांत फरक सांगायचं साधनच हातात नव्हतं. म्हणून तपास न करता फेकून द्यावी लागली. कामचुकारपणा नव्हता हो, दुसरा मार्गच नव्हता. आणि ती भिंत? मूळ सिस्टिमचा कारभार वेगळा होता, म्हणून ती वाचली.

९.१ शेवटी ३० डिसेंबर २०१२ ला जाहीर झालं. नव्या पॅकेज यंत्रणेचं काम, बाप्तिस्त दारुसां आणि इतरांनी हाती घेतलेलं 'पीकेजी', या घटनेच्या आधीपासूनच चालू होतं. माहिती विखुरलेल्या टेक्स्ट फायलींऐवजी एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये, आणि अपग्रेडची कमांड एकदाची आली. पण घुसखोरीनंतर अधिकृत भांडार लोकांसाठी परत नीट उघडायला २०१३ संपत आलं. या खेपेला कॅटलॉगवर सही होती, कॅटलॉगमध्ये प्रत्येक पॅकेजचा चेकसम होता, आणि सही तपासायचा ठसा मूळ सिस्टिमबरोबर येऊ लागला, भिंतीच्या अलीकडून. बांधणीसाठी पूद्रिएर आलं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ दारूगोळ्याचं कोठार! ते दरेक पोर्ट स्वच्छ जेलमध्ये बांधतं. फायलीही आधी एका बाजूच्या डिरेक्टरीत ठेवून मगच पॅकेज होऊ लागलं. १०.० जानेवारी २०१४ मध्ये आलं ते यावरच, आणि त्याच वर्षी पोर्ट्सच्या झाडाने जुन्या टूल्सची साथ सोडली.

आज झाडात ३० हजारांहून जास्त पोर्ट्स आहेत. प्रत्येक मेकफाइलमध्ये सांभाळणाऱ्याची एक ओळ असते. तो माणूस सोडून गेला की तिथे पोर्ट्सच्या सामाईक मेलिंग लिस्टचा पत्ता लागतो. अशी अनाथ पोर्ट्स कमी नाहीत. मी मध्ये एक दत्तक घ्यायचं ठरवलं होतं, अजून ठरवतोच आहे.

कृती झाली, डब्यावर सहीही झाली. राहिलं साहित्य. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेव्हलपरने जाहीर केलं की एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरवाट आहे. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे तो शोधत होता. फ्रीबीएसडीच्या मूळ सिस्टिममधल्या काही शाखांमध्ये ५.६.० आलेली होती. पण सोर्स आत घेताना घातक भाग गाळला गेला होता, फ्रीबीएसडी एक्सझेडची स्वतःची बिल्ड यंत्रणा वापरत नाही, आणि हल्ला होताच मुळी ६४-बिट इंटेल-एएमडी मशीनवरच्या लिनक्ससाठी. म्हणून निभावलं. चोरवाट उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होती, आणि तो टारबॉल काढणारी, जिया टॅन या नावाने वावरणारी व्यक्ती एक्सझेडच्या अधिकृत सांभाळणाऱ्यांपैकी एक होती. त्या टारबॉलचा चेकसम कुणी कितीही वेळा ताडला असता, तरी तो अगदी बरोबर आला असता.