कात्रीनें दिलेलें बळ

गणपतीच्या मखरासाठीं कागदाची जाळी आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं कातरली असेल. घडीच्या दोन्ही कडांनीं आळीपाळीनें काप दिले आणि टोकें धरून ओढलीं, कीं वीतभर कागद हातभर लांब होतो. एरवीं कागद ताणूं गेल्यास फाटतो. मग ही लांबी येते कोठून? त्या प्रश्नाचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

कातरकामाचे फार जुने नमुने चीनमध्यें आढळतात. तेथें इ. स. १०५ च्या सुमारास त्साइ लुन यानें कागद करण्याची सुधारलेली कृति दरबारीं सादर केली. तुर्फानजवळच्या थडग्यांत सहाव्या शतकांतले कातरलेले कागद सापडले आहेत. पुढें खेडोपाडींच्या मायलेकींनीं ही कला जतन केली. नववर्षाला व लग्नकार्यांत त्यांनीं खिडक्यांवर तांबडीं चित्रें चिकटविलीं. २००९ सालीं युनेस्कोनें या कलेची नोंद घेतली. शास्त्रज्ञ मात्र तिचें जपानी नांव वापरतात, 'किरिगामी'. 'किरु' म्हणजे कापणें आणि 'कामी' म्हणजे कागद.

यामागील तत्त्व सोपें आहे. पातळ पत्रा ताणावयास फार बळ लागतें, वांकविण्यास अगदीं थोडें. जाडी निम्मी केली, तर वांकविण्याचें बळ अष्टमांशावर येतें. कापांमुळें पत्र्याच्या अरुंद पट्ट्या होतात आणि ओढ लागतांच त्या न ताणतां वांकतात. म्हणजे आकार बदलण्याची ही शक्ति द्रव्यापेक्षां कापांच्या मांडणींत अधिक आहे.

२०१५ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत ग्राफीन या एका अणूच्या जाडीच्या कर्बपत्रावर असे काप देऊन तें ताणतां येण्याजोगें केलें गेलें. नमुने आधीं कागदावरच कापून पाहिले होते! त्याच वर्षीं मिशिगन विद्यापीठाच्या मॅक्स श्टाइन यांनीं, मॅथ्यू श्लायन या कागदशिल्पकाराच्या साह्यानें, सूर्यघटाचा पापुद्रा असा कापला, कीं तो ओढतांच पट्ट्या कलून सूर्याकडे तोंड करितात. सारें जड तावदान फिरविण्याचें कारण उरत नाहीं. २०१८ सालीं हार्वर्डमध्यें रबरी नळीवर कातरलेलें वेष्टन चढविलें. हवा भरतां त्याचे खवले उभे राहून जमीन धरतात आणि नळी सापासारखी सरपटते.

ज्या हातांनीं ही विद्या शतकानुशतकें सांभाळली, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोठेंहि लिहिलेलीं नाहींत. त्यांचें काम आपण करमणूक समजत आलों. यापुढें घरांतलें मूल कात्री घेऊन बसलें, तर 'कागद फुकट घालवूं नको' असें म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबून, तें काय करीत आहे एवढें पाहावें.