धूमकेतू कोणी परतवला?

मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या अपरिचित लेखकाच्या 'कृष्णविवर' या कथेने पहिले पारितोषिक पटकावले. हे लेखक म्हणजे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर. त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी केली होती आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्याकडून लिहवून घेतली होती. नावाच्या वलयाने परीक्षकांचा कौल झुकू नये, एवढाच त्यामागे हेतू. मराठी विज्ञानकथेला लाभलेल्या या लेखकाची रीत पहिल्याच पावलाला अशी दिसली.

विज्ञानकथा वाचकाला माहिती देते, हे खरे. पण माहिती पाठ्यपुस्तकही देते. कथेचे सामर्थ्य निराळे आहे. नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा पाहावी. एक हौशी बंगाली आकाशनिरीक्षक नवा धूमकेतू शोधतो. धूमकेतू अशुभ, अशी त्याच्या पत्नीची समजूत. पुढे गणितावरून दिसते की तो पृथ्वीवर आदळणार. शास्त्रज्ञ गुप्तपणे अण्वस्त्रवाहू यान धाडून त्याचा मार्ग बदलतात. त्याच सुमारास घरी शांतीसाठी यज्ञ होतो. संकट टळते आणि पत्नी त्याचे श्रेय यज्ञाला देते.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तसे हे. मात्र कथेत पत्नी हास्यास्पद ठरत नाही. तिला यानाची वार्ताच नाही. तिच्यापुरता तिचा निष्कर्ष सरळ आहे. वाचकाला दोन्ही बाजू ठाऊक असतात, म्हणून ती कोठे चुकते हे त्याला उमगते. उपदेशाने हे साधणे कठीण, कारण उपदेश ऐकणारा बहुधा आधीच बचावाच्या पवित्र्यात असतो.

प्रत्यक्ष आयुष्यात पडद्यामागचे यान दाखवणारा लेखक नसतो. तेथे चाचणीच घ्यावी लागते. नारळीकरांनी २००८ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह तशी चाचणी फलज्योतिषाची घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या १०० कुंडल्या जमवण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांपैकी ४० पाठवून कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच विचारले. उत्तरे धाडली २७ जणांनी. केवळ नाणे उडवले असते तरी ४० पैकी सरासरी २० उत्तरे बरोबर येती. या ज्योतिषांची बरोबर उत्तरे सरासरी ४६ टक्के भरली. सर्व २०० कुंडल्या पाहणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. कुंडलीवर मुलाची ओळख नव्हती, जशी १९७४ च्या त्या कथेवर लेखकाची नव्हती.

हे काम किती महाग पडू शकते, हे महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१३ रोजी पाहिले. त्या सकाळी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली.

कथेची भुरळ दुधारी असते, हेही नोंदवायला हवे. छद्मविज्ञानही कथेच्याच रूपाने पसरते आणि रंगतदार गोष्ट पुराव्याची जागा सहज बळकावते. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत नारळीकरांनी ही शंका पात्राच्याच तोंडी घातली आहे. मराठ्यांनी पानिपत जिंकले अशा जगात आपण जाऊन आलो, असे गंगाधरपंत सांगतात. पण त्यांचा मित्र ते मनाचे खेळ समजतो. त्याचे मत पालटते ते त्या जगातल्या बखरीचे फाटके पान हाती आल्यावर.

अंतराळातील वस्तूचा मार्ग बदलण्याचा प्रयोगही यथावकाश झाला. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे 'डार्ट' यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळवण्यात आले. अण्वस्त्र त्यात नव्हते. डायमॉर्फस आपल्या मोठ्या सोबत्याभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. टकरीनंतर हा काळ सुमारे अर्ध्या तासाने घटला. ती घट पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी, त्या जोडीच्या प्रकाशातील चढउतारांवरून मोजली.