हसायचं कुठे, थांबायचं कुठे

मंडळी, या वीकेंडला थोडा इतिहास. सुरुवात कॉम्प्युटर गेम्सपासून आणि शेवट आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठला. या दोन्हींचा संबंध काय, असं म्हणाल. सांगतो, जरा दम धरा.

प्रश्न साधा आहे. गोष्टीत मरण आहे, राक्षस आहे, अन्याय आहे, आणि तरीही ती विनोदी हवी आहे. जोक जास्त झाले की भीती पळून जाते. भीती जास्त झाली की जोक मारणारा निर्लज्ज वाटतो. सिनेमात दिग्दर्शक निदान प्रेक्षकाला हाताला धरून नेतो. गेममध्ये माउस आपल्या हातात! तिकडे कुणी शेवटचा श्वास घेतंय आणि आपण कोपऱ्यातलं कपाट उघडून बघतोय.

१९८० च्या दशकात सिएरा या अमेरिकन कंपनीने यावर आपला मार्ग काढला होता. ‘किंग्ज क्वेस्ट’ (१९८४) आणि ‘स्पेस क्वेस्ट’ (१९८६) या त्यांच्या गाजलेल्या ॲडव्हेंचर गेम्स. त्यात नायक पावलोपावली मरायचा. ‘स्पेस क्वेस्ट’चा नायक तर अंतराळयानातला झाडूवाला. तो मेला की स्क्रीनवर एखादी खवचट ओळ यायची. आपण हसायचं आणि सेव्ह केलेली फाईल परत उघडायची. पहिल्या चार-पाच वेळा मजा येते. पण मरण इतकं स्वस्त झालं की त्याची भीती उरत नाही, आणि भीती गेली की थोड्या वेळाने हसूही येत नाही.

लुकासफिल्म गेम्समधल्या रॉन गिल्बर्टला हे पटत नव्हतं. ॲडव्हेंचर गेम्स का कंटाळवाण्या होतात यावर त्याने १९८९ साली एक लेखच लिहिला. शिकण्यासाठी खेळणाऱ्याला पुन्हा पुन्हा मारावं लागत असेल तर दोष डिझाइनचा, असा त्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी त्याची ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ आली. समुद्री चाचे, भुतं, फाशी, सगळं आहे, पण नायक जवळजवळ मरतच नाही. तो दहा मिनिटं श्वास रोखू शकतो, अशी बढाई तो स्वतःच मारत असतो. पाण्याखाली अडकल्यावर तुम्ही खरोखर दहा मिनिटं नुसते बसून राहिलात, तर मात्र तो मरतो! :-)

यातून नवीनच अडचण आली. नायक मरणारच नसेल तर खेळणाऱ्याने घाबरायचं कशाला?

याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर १९९८ मध्ये आलं. टिम शेफरची ‘ग्रिम फँडँगो’. नायक मॅनी कालावेरा आधीच मेलेला आहे, नुसता सांगाडा! मृतांच्या देशात तो ट्रॅव्हल एजंटची नोकरी करतो. पुण्यवान आत्म्याला चार मिनिटांत पोचवणाऱ्या आगगाडीचं तिकीट, बाकीच्यांना काठी घेऊन चार वर्षांची पायपीट. टार्गेट, बॉस, शेजारच्या टेबलवरचा लबाड सहकारी, सगळं तिथेही आहे. आयटीत काम करणाऱ्या कुणालाही हे ऑफिस ओळखीचं वाटेल. इथला विनोद मरणावर नाहीच, तो मेल्यावरही न सुटणाऱ्या ऑफिसवर आहे.

पण या जगातही एक खरं मरण आहे. विशिष्ट गोळी लागली की सांगाड्याच्या हाडांतून फुलं उगवतात आणि तो संपतो. लोला नावाची फोटोग्राफर अशी मॅनीच्या समोर संपते, तेव्हा इतका वेळ बडबड करणारी गेम गप्प होते. मला वाटतं सगळी मेख इथे आहे. भरपूर हसा, पण एक जागा अशी ठेवा जिथे कुणीच हसणार नाही. ती जागा आहे म्हणून बाकीचे जोक पोकळ वाटत नाहीत.

ही कल्पना शेफरच्या एकट्याच्या डोक्यातून आली नाही. मेक्सिकोत दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा सण असतो. होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२-१९१३) या चित्रकाराने नटूनथटून मिरवणारे सांगाडे छापून श्रीमंतांची टर उडवली होती. शिवाय कागदाच्या लगद्याचे सांगाडे असतातच. साधा आकार, त्यावर बाहेरून रंगवलेली हाडं. त्या काळच्या थ्रीडी इंजिनला बारीक हावभाव झेपत नसत, त्यामुळे हे रंगवलेले चेहरे अगदी सोयीचे पडले.

आणि कागदाच्या लगद्यावरूनच आपण पेठला येतो. नाशिकहून धरमपूरच्या रस्त्याला साधारण ५०-५५ किलोमीटरवर. पेठ, सुरगाणा, शेजारचे जव्हार-मोखाडा या पट्ट्यात कोकणा, वारली, महादेव कोळी समाजात बोहाडा होतो. पलीकडे डांगमध्ये त्यालाच भवाडा म्हणतात. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठाले रंगवलेले मुखवटे, संबळ आणि पिपाणी, आणि रात्रभर एकामागून एक येणारी सोंगं. गणपती, सरस्वतीपासून सुरुवात. मग देव, राक्षस, प्राणी, मध्येच हसवणारी सोंगं. सोंग बहुतेक बोलत नाही, वाजंत्री आणि नाच यांतूनच त्याची ओळख पटते. अनेक गावांत शेवट देवी आणि महिषासुराच्या युद्धाने होतो.

काळ बघा. होळीनंतर, पावसाळ्याआधी. पेठमध्ये पाऊस धो धो पडतो, पण उन्हाळ्यात पाणी लांबून आणावं लागतं. बरीच माणसं मजुरीला द्राक्षबागांकडे गेलेली असतात. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत गाव रात्रभर जागतं, घाबरतं आणि हसतं. मुखवट्यामागे कोण आहे हे लोकांना माहीत असतं, म्हणून हसता येतं. पण त्याच मुखवट्याची पूजाही झालेली असते, म्हणून शेवटच्या युद्धाची कुणी थट्टा करत नाही. गिल्बर्ट आणि शेफर ज्या तोलासाठी झगडले, तो इथे सोंगांच्या क्रमातच बसवलेला आहे.

आता मुद्दा आपल्या पिढीचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढली. राक्षसांशी लढणारी मुलगी, आणि गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. म्हणजे आपल्या मातीतली गेम इथे बनू शकते. उद्या कुणी बोहाड्यावर विनोदी ॲडव्हेंचर काढली तर मला आनंद होईल, आणि थोडी धास्तीही वाटेल. शहरातल्या टीमला ते मुखवटे ‘क्यूट मॉन्स्टर’ वाटायला फार वेळ लागणार नाही. मग विनोद सोंगाचा न राहता सोंग काढणाऱ्या माणसाचा होईल, त्याच्या बोलीचा, त्याच्या गरिबीचा. पोसादाने हसणं श्रीमंतांकडे वळवलं होतं. आपण ते उलट फिरवायला नको.

असो. कुणाला खरंच करायची असेल, तर कोड लिहिण्याआधी एक रात्र बोहाडा बघा. गावात विचारून जा, फोटोही विचारूनच काढा. आणि शेवटपर्यंत थांबा. महिषासुर पहाटे येतो.