ध्येय आणि भांडवल : ‘सिप्ला’ची वाटचाल

धंदा म्हटला की नफा हा आलाच. तोटा सोसून कोणालाही फार काळ दुकान चालविता येत नाही. परंतु नफा हेच ज्याचे एकमेव उद्दिष्ट असते, तो पैसा गुंतविताना फार लांबचे पाहत नाही. यंदा घातलेले पुढल्या वर्षी दुप्पट व्हावे, एवढाच त्याचा हिशोब. ज्याच्यासमोर काही ध्येय आहे त्याचा हिशोब निराळा असतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत स्थापन केलेली ‘सिप्ला’ ही औषधनिर्मिती कंपनी होय.

डॉ. हमीद यांचा जन्म १८९८ साली अलीगढ येथे झाला. १९२० साली महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली तेव्हा त्यांनी कॉलेजचे शिक्षण सोडले आणि त्याच वर्षी अलीगढला स्थापन झालेल्या जामिया मिलिया इस्लामियाच्या कार्यात ते सामील झाले. पुढे ते जर्मनीस गेले. रसायनशास्त्रात त्या काळी जर्मनी अग्रेसर होता. बर्लिन येथे डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले. येथे त्या वेळी बहुतेक आधुनिक औषधे विलायतेतून येत. देशाला लागणारी औषधे देशातच तयार झाली पाहिजेत, हे डॉ. हमीद यांचे ध्येय बनले.

१७ ऑगस्ट १९३५ रोजी ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ या नावाने कंपनी नोंदविण्यात आली. याच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सिप्ला’ हे नाव पडले. अधिकृत भांडवल ६ लाख रुपयांचे होते. मुंबईत बेलासिस रोडवर एक लहानसा बंगला दरमहा ३५० रुपये भाड्याने घेतला. विद्यार्थी मित्रांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा भाडेपट्टा २० वर्षांचा होता! हाती अद्याप एकही औषध तयार नसताना वीस वर्षांचा करार करणारा मनुष्य पुढल्या दिवाळीचा नफा मोजत नसतो. शिवाय डॉ. हमीद यांनी आपल्याजवळची औषधांची सूत्रे कंपनीला देऊन टाकली आणि त्यांबद्दल मानधन म्हणून एक पैसाही घेतला नाही.

कंपनीची पहिली औषधे बाजारात यायला सप्टेंबर १९३७ उजाडला. ४ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी कारखान्यास भेट दिली. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले आणि परदेशी औषधांची आयात अडली. यंत्रे आणि माणसे आधीपासून तयार ठेवल्यामुळेच अशा वेळी सिप्ला देशाच्या उपयोगी पडू शकली. १९४४ साली बेलासिस रोडची जागा विकत घेण्यात आली, १९५२ साली संशोधन विभाग उघडला आणि १९६० साली विक्रोळीचा कारखाना सुरू झाला. संशोधन विभागावर वर्षानुवर्षे खर्च करावा लागतो, आणि त्याचे फळ कधी मिळेल हे कोणीच सांगू शकत नाही. त्यासाठी लागणारा धीर ध्येयातूनच येतो.

हे फळ पुढच्या पिढीत मिळाले. इंग्रजी अमदानीतील पेटंट कायद्यामुळे परदेशी कंपनीचे औषध येथे दुसऱ्या कोणाला बनविता येत नसे. १९७० साली संसदेने नवा कायदा केला व तो एप्रिल १९७२ मध्ये अमलात आला. त्यान्वये पेटंट औषधाला नव्हे, तर ते तयार करण्याच्या पद्धतीला मिळू लागले. म्हणजे ज्याला निराळी पद्धत शोधता येईल त्याला तेच औषध बनविण्याची मोकळीक मिळाली. अर्थात संशोधनाची तयारी असलेल्यांनाच या कायद्याचा लाभ घेता आला. दोनच महिन्यांनी, जून १९७२ मध्ये डॉ. हमीद निवर्तले. त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी हे कार्य पुढे नेले. १९८२ साली कंपनीचा कारखाना आपल्याच रायगड जिल्ह्यात, पाताळगंगा येथे सुरू झाला.

२००१ साली या कंपनीचे नाव जगभर झाले. एड्सच्या रुग्णाला वर्षाच्या औषधांसाठी त्या वेळी दहा हजार डॉलरच्या वर खर्च येई. आफ्रिकेतील गरिबांना ते कसे परवडणार? सिप्लाने एका सेवाभावी संघटनेला तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दराने देऊ केली. तीन निरनिराळी औषधे एकाच गोळीत आणण्याचे कामही तिने केले. परदेशात त्या तीन औषधांची पेटंटे वेगवेगळ्या कंपन्यांकडे असल्याने तेथे हे अवघड होते.

सिप्ला ही काही धर्मादाय संस्था नव्हे. तिने नफा मिळविला, भागधारकांना लाभांश दिला. मात्र मिळालेला पैसा पुन्हा प्रयोगशाळेत आणि कारखान्यात घातला, म्हणूनच तिची वाढ झाली.

आपल्या कोकणी मुस्लिम समाजाला समुद्रापारची कमाई नवी नाही. गेल्या काही दशकांत रोहा, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतील अनेक घरांत आखातातून पैसा आला. त्यातून बंगले उभे राहिले, थाटाची लग्ने झाली. राहायला चांगले घर हवेच. पण त्या कमाईतला काही भाग मुलांच्या विज्ञान शिक्षणात आणि एखाद्या लहानशा उद्योगात घालण्यास काय हरकत आहे? धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आपल्या दाराशीच आहेत. तेथे नोकरी मागणारे आपल्यात पुष्कळ आहेत. रसायनशास्त्र शिकून असा कारखाना काढण्याची उमेद बाळगणारे चार विद्यार्थीही आपल्या शाळांतून निघावेत. त्यांच्यासाठी पंधरा-वीस वर्षे थांबण्याची तयारी मात्र पालकांनी ठेवली पाहिजे.